रिपोर्ट तं नॉर्मल हाये!

आपल्या बोलण्यात शिरलेल्या इंग्रजी शब्दांपैकी सगळ्यात धोकादायक शब्द कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी 'नॉर्मल' असं उत्तर देईन. 'टेन्शन' वगैरे त्याच्यापुढे किरकोळ. टेन्शन आलं की माणूस निदान डॉक्टरकडे जातो तरी. 'नॉर्मल' ऐकलं की तो जाणंच बंद करतो.

हे आठवायचं कारण म्हणजे दिवाळीत तिवस्याला गेलो होतो तेव्हा वाचलेले रिपोर्ट. गावाकडे एक समज आहे की जो माणूस पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो त्याला छापलेला कुठलाही कागद कळतो. सातबारा, पीकविम्याची पावती, मोटरपंपाची वॉरंटी आणि हल्ली लिपिड प्रोफाइल. चार दिवसांत पाच-सहा घरचे रिपोर्ट माझ्यासमोर आले. मी डॉक्टर नाही हे मी प्रत्येक वेळी सांगितलं आणि प्रत्येक वेळी तो माझा विनय समजून सोडून देण्यात आलं. (वाचकांनी मात्र सोडून देऊ नये. मी खरंच डॉक्टर नाही. खाली जे आकडे आहेत ते प्रसिद्ध झालेले आहेत, पण तुमच्या गोळीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.)

ज्यांना तिवसा माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावतीहून नागपूरकडे निघालं की आधी तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी लागतं आणि मग आमचं तिवसा. तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर, थोडा संत्रा. रक्त गावातच देता येतं आणि रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो. ही सोय माझ्या लहानपणी नव्हती आणि ती झाली हे चांगलंच झालं. माझं भांडण त्या रिपोर्टच्या उजवीकडच्या रकान्याशी आहे.

रिपोर्टवर चार रकाने असतात. तपासणीचं नाव, तुमचा आकडा, युनिट, आणि शेवटी 'नॉर्मल रेंज'. आकडा रेंजच्या बाहेर गेला की तो ठळक होतो किंवा शेजारी एक तारा येतो. लोक वाचतात तो फक्त तारा. तारा नाही म्हणजे पास. दहावीच्या निकालासारखं. एका काकूंनी तर तारे मोजून घरातल्यांचा क्रमांक लावला होता.

आता हा तारा येतो कुठून? माझ्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच दिसतं. कोणीतरी कुठेतरी एक आकडा हार्डकोड करून ठेवलाय. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या वर गेलं तर ठळक कर, नाहीतर नको. त्या प्रोग्रामला फक्त रक्तातला आकडा माहीत असतो. रक्त बावीस वर्षांच्या कबड्डी खेळणाऱ्या पोरीचं आहे की दोन स्टेंट टाकलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आणि कोलेस्टेरॉलच्या बाबतीत सगळी गंमत (गंमत कसली!) तिथेच आहे. इथे सगळ्यांना एकच नॉर्मल नसतो.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतीयांसाठी कोलेस्टेरॉलचे मार्गदर्शक आकडे जाहीर केले. त्यातलं मुख्य असं. ज्यांना फारसा धोका नाही त्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १०० च्या खाली असावं. मधुमेह किंवा बीपी असलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या माणसाचं ७० च्या खाली. आणि ज्याला आधीच हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय त्याचं ५५ च्या खाली. म्हणजे ९५ हा आकडा एकाला चांगला, दुसऱ्याला जास्त, आणि तिसऱ्याला फारच जास्त. रिपोर्ट तिघांनाही तारा देत नाही. तिघंही खूष.

दुसरी गडबड याहून बारीक आहे. एक उदाहरण घेऊ, आकडे मी सोयीसाठी ठरवलेत. एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २६०. पुष्कळ ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात: एकूणातून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. १८० वजा ३२ वजा ५२, उत्तर ९६. एकूण २०० च्या आत, एलडीएल १०० च्या आत. वा! पण आता फक्त एकच वजाबाकी करा. १८० वजा ३२, म्हणजे १४८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून बसू शकणारं जे जे काही आहे ते सगळं यात येतं, आणि धोका नसलेल्या माणसातही हे १३० च्या खाली पाहिजे. म्हणजे दोन मुख्य ओळींना तारा नसलेला हा माणूस मुळात ठीक नाहीच. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त हा नमुना आपल्या लोकांत फार दिसतो. भात, साखर, मैदा आणि पोटाचा घेर यांचं ते देणं. नॉन-एचडीएल काढायला पैसे लागत नाहीत, उपाशीपोटी रक्त द्यावं लागत नाही, आणि तरी कित्येक रिपोर्टवर ती ओळच नसते.

'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ जर 'बहुतेकांसारखा' असा घेतला तर प्रकरण आणखी बिघडतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की ८१.२ टक्के प्रौढांत रक्तातल्या चरबीचा निदान एक तरी आकडा बिघडलेला आहे. म्हणजे आपल्याकडे बहुतेकांसारखं असणं हाच आजार झाला!

असो. आता मोठ्या बाबांबद्दल सांगतो.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय एकसष्ट. चार वर्षांपूर्वी झटका आला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट पडले. तेव्हापासून रोज ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी. दिवाळीत मी त्यांच्या औषधाच्या डब्यात डोकावलो तर बीपीची गोळी होती, रक्त पातळ ठेवायची होती, ही नव्हती.

"मोठे बाबा, कोलेस्टेरॉलची गोळी कुठाय?"

"ते तं बंद केली. पोयापासून."

"काहून पण?"

"काहून म्हंजे? रिपोर्ट तं नॉर्मल हाये! पाय नं हे."

"डॉक्टरांनी सांगितलं का बंद करायला?"

"त्याईले कायले विचारा लागते? कागदावरच लिवलं हाये. आन् चांगल्या मानसानं गोया खाल्ल्या का सवय लागते बाप्पा."

आतून मोठी आई म्हणाली, "मी तं सांगू सांगू थकली. माहं कोन आयकते?"

मी रिपोर्ट पाहिला. एलडीएल ६८. रेंज: १०० पेक्षा कमी. तारा नाही. मोठे बाबा बिनतोड बोलत होते. त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा होता. ६८ हा आकडा त्यांचा नव्हताच, तो गोळीचा होता. वर आणखी एक विनोद असा की झटका येऊन गेलेल्या माणसासाठी ६८ पुरेसा कमी नाहीच. ज्या कागदाच्या आधारावर त्यांनी गोळी बंद केली, तो कागद खरं तर गोळी वाढवायची का हे विचारत होता.

स्टॅटिन नक्की करतं काय, हे समजलं की 'सवय लागते' हा मुद्दा आपोआप गळतो. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपण खात नाही, आपलं शरीर ते बनवतं, आणि त्यात मोठा वाटा यकृताचा. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बुरशीमधून असं रसायन शोधलं की जे हे उत्पादन थोपवतं. स्वतःचा माल कमी पडला की यकृत रक्तातून एलडीएल ओढून घ्यायला जास्त 'हात' बाहेर काढतं. (हे हात, म्हणजे एलडीएल रिसेप्टर, शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.) त्यामुळे रक्तातलं एलडीएल उतरतं. गोळी बंद केली की यकृत पूर्वीसारखं कामाला लागतं आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी. यात सवय कुठेच नाही. चष्मा काढला की पुन्हा धूसर दिसतं, म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही.

मोठ्या बाबांना मी नोबेल वगैरे सांगितलं नाही. विहीर खोदताना पाणी उपसायला मोटर लावतात ती आठवा म्हटलं. मोटर चालू असते तोवर तळ कोरडा दिसतो. तळ कोरडा आहे म्हणून कोणी मोटर बंद करतं का? सकाळी काय होईल? हे त्यांना पटलं, कारण २००० च्या आसपास त्यांनी स्वतः विहीर खोदलीये आणि एका रात्री लाइन गेल्यावर (लाइन म्हणजे वीज) काय झालं होतं ते त्यांना अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. एलडीएल १३७. या वेळी तारा होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, तिची ताकद वाढवली आणि सोबत एझेटिमाइब नावाची दुसरी दिली. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते.

तुम्ही म्हणाल, दोन-तीन महिने बंद होती, काय बिघडलं? कदाचित काहीच नाही. कोलेस्टेरॉल दुखत नाही, हीच तर अडचण आहे. ते वर्षानुवर्षं भिंतीत साठत जातं. किती साठणार हे आकडा किती आणि किती वर्षं, या दोन्हींवर ठरतं. याचा सगळ्यात सुंदर पुरावा २००६ साली अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी दिला. काही कृष्णवर्णीय लोकांत जन्मतःच एका जनुकाची (पीसीएसके-९ हे त्याचं नाव) एक प्रत बिघडलेली असते आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर साधारण २८ टक्के कमी राहतं. पंधरा वर्षांच्या निरीक्षणात त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. २८ टक्के कमी तर गोळीनेही होतं, त्याहून जास्तही होतं, पण साठीत सुरू केलेल्या गोळीने एवढा फायदा मिळत नाही. फरक वर्षांचा आहे. म्हणूनच २०२४ च्या त्या मार्गदर्शनात पहिली तपासणी अठराव्या वर्षी करा असं म्हटलंय. तिवस्यात अठराव्या वर्षी पोरं रक्त देतात ते फक्त रक्तदान शिबिरात.

आणि ज्याला झटका येऊन गेलाय त्याच्या बाबतीत तर वादच उरलेला नाही. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी. साधारण साडेपाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण गेले, खरी घेणाऱ्यांपैकी १८२. मधली ७४ माणसं फक्त एका गोळीमुळे जेवायला घरी आली. ती गोळी आज जनऔषधी दुकानात इतकी स्वस्त आहे की दहा गोळ्यांची साधी पट्टी एका खर्र्यापेक्षा कमी पैशात येते.

खर्र्याचा विषय निघालाच आहे तर. विदर्भाबाहेरच्यांना सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून जे तयार होतं तो खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणारा प्रत्येक चौकात बसलेला असतो. 'सिगरेट नाही ना ओढत' असं म्हणून खर्रा खाणारा स्वतःला निर्व्यसनी समजतो. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या झटक्याची दोन सगळ्यात मोठी कारणं निघाली: रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण आणि तंबाखू. चघळायच्या तंबाखूनेही धोका दुपटीच्या आसपास जातो, हे त्याच अभ्यासातून पुढे आलं. आणि आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगात तो ५९ च्या जवळपास येतो. सहा वर्षं आधी! लिपिड प्रोफाइलमध्ये खर्र्याचा रकाना नसतो. त्यामुळे रोज पाच खर्रे खाणाऱ्याचाही रिपोर्ट नॉर्मल.

"शेतात राबणाऱ्याले ॲटॅक येत नाही" हे वाक्यही मी या चार दिवसांत तीनदा ऐकलं. एके काळी त्यात तथ्य असेल. आता नांगरणी ट्रॅक्टरने होते, शेतात मोटरसायकलवर जातात, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली. राबणं कमी झालं, खाणं तेच राहिलं. आणि खेड्यात हे आजार नाहीत असं वाटतं याचं एक कारण म्हणजे मरणाला दिलेली नावं. 'उनानं गेला.' 'गॅस छातीत चढला.' छातीत गच्च झालं की ओवा, सोडा, पोटाला शेक, आणि दोन तास वाट. त्या दोन तासांतच हृदयाचा स्नायू मरत असतो. इसीजी निघालेला नसतो, मग मोजणार कोण? जिथे कोणी नीट मोजलं तिथे चित्र वेगळं दिसलं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळातल्या मरणांची कारणं घरोघर जाऊन शोधली. सगळ्यात मोठं कारण निघालं पक्षाघात, १४.३ टक्के. हे पुण्या-मुंबईचं नाही, गडचिरोलीचं चित्र आहे! पक्षाघात हा हृदयविकाराचा सख्खा भाऊ. त्यात बीपीचा हात जास्त, पण घर तेच.

'सर्च' म्हणजे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची संस्था. मराठी घरात हृदयविकाराचा विषय निघाला की अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' निघतंच. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झटका आलेल्या एका डॉक्टरने स्वतःकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहिलेलं पुस्तक मराठीत दुसरं नसावं. मला ते आवडतं. पण ते वाचून 'आता योग आणि आहार, गोळी नको' असा निष्कर्ष काढणारी माणसंही मी पाहिलीत, आणि ते त्यांनी स्वतःच काढलेलं सोयीचं सार आहे. आहाराने रक्तवाहिन्या थोड्या मोकळ्या होऊ शकतात हे डीन ऑर्निश यांनी १९९० साली दाखवलं, गोळीशिवाय, हे खरं. पण तो प्रयोग ४८ माणसांचा होता आणि त्यात जेवणातली चरबी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांवर आणलेली होती. सोबत ध्यान, व्यायाम, तंबाखू पूर्ण बंद. दहा टक्के म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला हवं का? आमच्याकडे वांग्याच्या भाजीवर तर्री तरंगली नाही तर पाहुणा रुसतो. लग्नाच्या पंगतीत तर्रीचा वेगळा वाढपी असतो. ज्याला तो आहार आयुष्यभर जमेल त्याला माझा साष्टांग नमस्कार. ज्याला जमत नाही त्याने निदान गोळी तरी सोडू नये.

याचा अर्थ खाण्याचा उपयोग नाही असा नाही. उलट वऱ्हाडी स्वयंपाकघरात चांगल्या गोष्टी भरपूर आहेत आणि आपण त्याच आधी सोडल्या. ज्वारीची भाकर गेली, गव्हाची पोळी आणि मैद्याचं टोस्ट आलं. जवसाची चटणी दिवाळीपुरती उरली, खरं तर जवसाने एलडीएल थोडं का होईना उतरतं. फल्लीचं तेल महाग म्हणून पामतेलाची पिशवी आली, ज्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी. एकच बरी बातमी अशी की वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. आणि तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, ते वाचून मला दर वेळी हसू येतं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात बनतं. झाडाच्या बियांच्या तेलात ते नावापुरतंही नसतं. पाण्याच्या बाटलीवर 'यात हाडं नाहीत' असं लिहिण्यातला प्रकार आहे :)

गोळीबद्दलच्या तक्रारींविषयी थोडं. पाय दुखतात, अंग दुखतं, ही तक्रार खरी असते, माणूस खोटं बोलत नसतो. पण २०२० साली इंग्लंडमध्ये फार छान प्रयोग झाला. गोळीच्या त्रासामुळे ती सोडलेल्या साठ लोकांना बारा बाटल्या दिल्या: चार महिन्यांची खरी गोळी, चार महिन्यांची खोटी, आणि चार बाटल्या रिकाम्या. कोणत्या महिन्यात काय, याचा क्रम सरमिसळ. रोज त्रासाला गुण द्यायचे. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरं, कारण बहुतेक वेळा दुसरं. उरलेल्या थोड्यांना मात्र खरंच त्रास होतो, आणि त्यांच्यासाठी दुसरी स्टॅटिन, कमी मात्रा, किंवा दुसऱ्या जातीची औषधं आहेत. साखर काठावर असेल तर ती थोडी वाढू शकते हेही खरं. हे सगळं डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'औषध कंपन्यांचा कट' या लेखाला विचारण्यासारखं नाही.

मग सरकारने काय करावं? तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि साखर गावपातळीवर तपासायची, तोंडाच्या वगैरे कर्करोगाची चाचणी करायची असा कार्यक्रम आहेच, आशाताई घरोघर फॉर्म भरतात. त्यात तंबाखू आणि कमरेचा घेरही विचारतात. कोलेस्टेरॉल त्यात नाही. मला आधी हा मोठा बग वाटला. पण वाचल्यावर मत बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जे धोक्याचे तक्ते काढले त्यातला एक तक्ता रक्त न घेताच वापरता येतो. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी आणि वजन-उंचीचं प्रमाण, एवढ्यावर पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतात. म्हणजे आशाताईंच्या फॉर्ममध्ये त्यातलं बरंचसं आधीच आहे, पण बेरीज कोणी करत नाही. ही बेरीज मोबाइलवर करणं हे माझ्या टीममधल्या सगळ्यात नवीन पोराचं एका दिवसाचं काम आहे. आणि चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्याला तर एलडीएल कितीही असो, स्टॅटिन द्यावं असंच जगभर सांगतात. आकडा हा माणसाचा एक भाग आहे. आपण माणूस बाजूला ठेवून आकडा वाचतो आणि तोही दुसऱ्याच कोणाच्या रेंजशी ताडून.

निघायच्या आदल्या दिवशी मी ज्याच्याकडे मोठ्या बाबांचं रक्त दिलं होतं त्या लॅबवाल्या पोराकडे गेलो. पोरगा हुशार आहे. त्याला म्हटलं, तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ही रेंज कुठे असते दाखव. त्याने दाखवली. एक साधा चौकोन, त्यात टाइप केलेला मजकूर. कोणीही बदलू शकेल असा. मी म्हटलं, खाली तीन ओळी मराठीत टाकू या. एक, मधुमेह, बीपी किंवा हृदयविकार असल्यास तुमचा आकडा यापेक्षा कमी हवा. दोन, नॉन-एचडीएल इतकं. तीन, गोळी सुरू असताना आकडा चांगला आला तर तो गोळीमुळे आहे, गोळी बंद करू नका.

"दादा, बदलवता तं येते," तो म्हणाला, "पन डॉक्टर लोकं काय म्हनतीन? म्हनतीन, तू कोन आम्हाले शिकवनारा?"

बरोबर होतं त्याचं. मग त्या ओळी कागदावर लिहून मोठ्या बाबांच्या डॉक्टरांना अमरावतीत दाखवल्या. त्यांनी वाचल्या, तिसऱ्या ओळीत 'बंद करू नका'च्या आधी 'स्वतःहून' हा शब्द घातला, आणि इतर दोघा-तिघांना विचारून कळवतो म्हणाले. कागद सध्या त्यांच्याकडे आहे. लॅबवाल्याने चौकोनाखाली तीन ओळींची जागा करून ठेवली आहे.